सोवळेबुवा

त्यांचं खरं नाव मी लिहिणार नाही. लिहिलं तरी आमच्या कंपनीत ते कुणाला ओळखू येणार नाही, कारण तिथं सगळे त्यांना सोवळेबुवा म्हणायचे. हे नाव मीच ठेवलं. ज्या सकाळी ठेवलं त्या सकाळी अख्खी बस हसली होती, आणि मी घरी येऊन बायकोलाही ते रंगवून सांगितलं होतं. आज त्या माणसाच्या उजव्या हाताला दोनच बोटं आहेत. बाकीची तीन काही मी तोडली नाहीत. पण ती गेली त्यात माझा वाटा आहे आणि तो लहानसहान नाही, एवढं आधीच सांगून टाकतो. म्हणजे पुढं कुठं मी स्वतःची बाजू घ्यायला लागलो, तर तुमच्या ध्यानात येईल.

वाळूजला आमची कंपनी. गाड्यांचे गिअर बनवते. मी मशीनवर असतो आणि ते माझ्या बरोबर समोर, तपासणीच्या टेबलावर असायचे. मशीनवरून उतरलेल्या जॉबच्या, म्हणजे तयार गिअरच्या, कडेला लोखंडाची बारीक धार राहते, तिला आम्ही बर म्हणतो. बर राहिला की माल परत येतो. तो राहिलाय का हे बघायला सगळे जण कडेवरून अंगठा फिरवतात, अंगठ्याला लगेच कळतं. सोवळेबुवा अंगठा लावत नसत. एकावर एक असे दोन-दोन हातमोजे चढवायचे आणि चिमटीत कापसाचा बोळा धरून तो गिअरच्या एकेका दातावरून फिरवायचे. बर असेल तिथं कापसाचा तंतू अडकायचा. वेळ लागायचा, पण त्यांच्या टेबलावरून गेलेला माल कधी परत आला नाही. तपासलेला जॉब पेटीत ठेवताना हळूच म्हणायचे, "जा बाबा, नीट जा." लेकीला सासरी लावताना बोलावं तसं. तीनशे जॉब असले तर तीनशे वेळा.

"लोखंडाचासुद्धा विटाळ होतो ह्यांना," मी म्हणायचो, आणि आजूबाजूचे हसायचे.

विटाळ हा शब्द काही मी हवेतून काढला नव्हता. माझ्याकडं पुरावे होते, पुरावे गोळा करण्यात मी पहिल्यापासून हुशार आहे. शहरातून येणारी कंपनीची बस आम्हाला बजाजनगरच्या चौकात घ्यायची. सोवळेबुवाही तिथूनच चढायचे, सगळ्यात मागं जाऊन बसायचे आणि शेजारच्या सीटवर आपली पिशवी ठेवायचे, म्हणजे कुणी बसायला नको. चहाचा ग्लास घरून आणलेला, आणि तोही रुमालात गुंडाळून धरायचा. पाण्याची बाटली वेगळी. जेवणाच्या सुट्टीत आधी नळावर जाऊन बूट काढून पाय धुणार, घमेलंभर पाणी घेऊन त्यात पाय भिजवणार, पुसणार, वर खोबरेल लावणार. मग टाकीजवळच्या कट्ट्यावर एकटे बसून चमच्यानं जेवणार. भाकरीसुद्धा कुस्करून चमच्यानं. आता सांगा, मराठवाड्यातला माणूस भाकरी चमच्यानं खातो का?

आणि हात बघायची सवय. चहा झाला की हात बघायचे, जेवण झालं की हात बघायचे. मोजे काढून उजेडाकडं धरायचे, आधी तळवे, मग पालथे, मग एकेक बोट, बोटांच्या बेचक्या. तोंडावर असे भाव, जसं काही परीक्षेचा निकाल वाचतायत. सगळं नीट असलं की मान हलवायचे. शिफ्ट सुटताना एकदा तसंच बघून घ्यायचे आणि म्हणायचे, "चला, आजचा दिवस शाबूत." हे वाक्य कुणाला उद्देशून नसायचं. आपलं आपल्यालाच.

ते कंत्राटावर होते. चहाच्या वेळी सुपरवायझरनं एकदा विचारलं, पुढं काय करायचं ठरवलंय. तेव्हा म्हणाले, "काय नाय साहेब, इथंच टिकायचंय. आता पुन्हा नवी कंपनी नको, नवी माणसं नको." त्यावरसुद्धा मी डोळे मिचकावले होते. माणसं नकोत म्हणजे आम्हीच नको, असा अर्थ मी लावला.

आमच्याकडं नवीन माणसाला दोन प्रश्न ठरलेले असतात. आडनाव काय आणि गाव कोणतं. आडनावावरून नाही कळलं तर गावावरून, गावावरून नाही तर गावात घर कोणत्या अंगाला यावरून. लोक म्हणतात, हल्ली कोण विचारतं असलं. सगळे विचारतात. मीसुद्धा विचारतो, कारण समोरच्यानं माझं काढायच्या आत मला त्याचं माहीत असलेलं बरं असतं. ह्यांचं आडनाव असं की कुठल्याही जातीत सापडावं. गाव विचारलं तर म्हणाले, "अजिंठ्याच्या पलीकडं, लांब हाये." अजिंठ्याच्या पलीकडं काय एकच गाव आहे? जो गाव सांगत नाही तो काहीतरी लपवतो, हे मी मनाशी पक्कं केलं. लपवत होते हे खरंच होतं. काय लपवत होते ते मात्र मीच ठरवून टाकलं.

इथं माझ्या घरचं थोडं सांगावं लागेल. आम्ही बौद्ध. माझी आई लहानपणी गावात मोठ्यांच्या वाड्यावर कामाला जायची, तेव्हा तिला पाणी वरून ओतायचे, ओंजळीत. चहाची कपबशी गोठ्याच्या वळचणीला उपडी ठेवलेली असायची, आपली आपण धुवून ठेवायची. आई हे रागानं सांगत नाही, पण मी रागानं ऐकत आलोय. त्यामुळं हातचं खाणं न खाणं ही आमच्या घरात साधी गोष्ट नाही. आमच्या जेवणाच्या टेबलावर आठ जण असायचो. डबे उघडून मधोमध ठेवायचे आणि ज्याला जे आवडेल ते त्यानं घ्यायचं, ही तिथली रीत. शेजारच्या मशीनवरच्या माझ्या मित्राच्या डब्यातलं बैंगन आमच्याकडं, माझ्या डब्यातला ठेचा त्याच्याकडं. कामाला लागलो त्या दिवशी माझ्या डब्यात पहिला हात एका पाटलाच्या पोरानं घातला, तो दिवस मी कधी विसरणार नाही. त्या टेबलावर बसायला जो तयार नाही, तो माझ्या लेखी माणसातच नव्हता.

जयंतीच्या दुसऱ्या दिवशी आईनं पुरणपोळ्या करून दिल्या. गुडघे धरलेले असताना पाटावर बसून पंचवीस पोळ्या लाटल्या तिनं, कंपनीतल्या पोरांना दे म्हणाली. सगळ्यांनी खाल्ल्या, आईचं नाव काढलं. मग मी एक पोळी कागदावर घेतली, वर तूप घातलं आणि कट्ट्याकडं गेलो. सगळे बघत होते. बघावं म्हणूनच मी गेलो होतो, हेही खरं.

"घ्या, आईनं केल्यात," मी म्हणालो.

त्यांनी हात जोडले. "नको भाऊ. राग मानू नका."

"चतकोर तरी घ्या."

"नको. माझं जरा..." ते उठून उभे राहिले. "तुम्ही जरा बाजूला येता का? तुमच्याशी बोलायचं व्हतं. लई दिवसांपासून बोलीन म्हणतोय."

"बाजूला कशाला? बोलायचं ते सगळ्यांपुढं बोला. आमच्या हातचं चालत नाय, एवढंच ना? म्हणा की मोठ्यानं. आमच्या आज्यापंज्यानं लई ऐकलंय, आम्ही पण ऐकू."

"तसं नाय वो भाऊ," ते म्हणाले. त्यांचं तोंड पांढरंफटक पडलं होतं. चोरी पकडली गेल्यावर पडतं तसं, असं मला वाटलं. त्यांनी डबा झाकला आणि न जेवताच तपासणीच्या टेबलावर जाऊन कापसाचा बोळा हातात घेतला.

मित्र माझ्यामागं आला. "छोड ना मामू, काइकू पीछे पड़ रा उसके? होती एकेक की आदत."

"आदत नाय ती," मी म्हणालो. "असली माणसं मी ओळखतो."

तेव्हा त्यांना येऊन चार महिने झाले होते. ते कुठल्या गल्लीत राहतात, घरी कोण आहे, आधी कुठं होते, यातलं मला काहीच माहीत नव्हतं. तरी मी ओळखतो म्हणालो, आणि अगदी छातीठोकपणे म्हणालो.

त्या दिवसापासून सगळी शिफ्ट माझ्या बाजूनं झाली. ज्यांच्या स्वतःच्या गावात अजून आमच्या माणसाला पंगतीत वेगळं बसवतात, तेही माझ्या बाजूनं. मला त्याचं लई बरं वाटलं. सोवळेबुवांशी कुणी बोलायचं नाही असं काही ठरवलं नव्हतं, पण कुणी बोलेनासं झालं. चहाची किटली त्यांच्या टेबलापाशी थांबेना. मागच्या सीटवर पिशवी ठेवायची त्यांना गरजच राहिली नाही, त्यांच्या पुढच्याही दोन सीटा रिकाम्या राहायला लागल्या.

एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण माझी जीभ थांबत नाही. जेवण झालं आणि त्यांनी मोजे काढून हात उजेडाला धरले, की मी टेबलावरून ओरडायचो, "काय बुवा, काय म्हणतंय भविष्य? परमनंट होणार का?" सगळे हसायचे. मग दुसरे ओरडायला लागले. कुणी म्हणायचं धनलाभ आहे, कुणी म्हणायचं दुसरं लग्न आहे. ते कसंनुसं हसायचे. पंधरा दिवस हे चाललं असेल. मग त्यांनी हात बघायचं सोडून दिलं. जेवण झालं की मोजे तसेच ठेवून, खाली मान घालून कामाला लागायचे. शिफ्ट सुटतानाचं ते वाक्यही बंद झालं. मी मित्राला म्हणालो, बघ, कसा सुधारला.

श्रावणातली गोष्ट आहे. सकाळचे नऊ-साडेनऊ झाले असतील. त्यांच्या उजव्या हातमोज्यावर, अंगठ्यापाशी, मला एक काळसर डाग दिसला. तेलाचा असेल म्हणून मी माझा जॉब लावला. दहा मिनिटांनी बघितलं तर डाग मनगटाकडं सरकला होता आणि काळा नव्हता, लाल होता. ते मात्र एकाग्र होऊन बोळा फिरवत होते. तोंडावर दुखल्याचं काही नाही. मला वाटलं, आपला हात आहे, कापला तर कळेलच की त्यांचं त्यांना. दुसरा कुणी असता तर मी तिथूनच हाक मारली असती, अरे रक्त येतंय म्हणून. हाक माझ्या तोंडाशी आली होती. पण अबोला मी धरलेला, आणि तो मीच मोडायचा? मी मान वळवली. समोर मी एकटाच होतो, दुसऱ्या कुणाला तो डाग दिसण्यासारखा नव्हता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी नवे मोजे घातले होते. आठ-दहा दिवस कामावर आले. एक-दोघं म्हणाले, त्यांच्या टेबलापाशी वास येतो. मग एक दिवस ते टेबलाला धरून खाली बसले. अंग तापलेलं होतं. सुपरवायझरनं गाडी करून दवाखान्यात पाठवलं, आणि ते पुन्हा आले नाहीत. कंत्राटदारानं त्यांच्या जागी दुसरा माणूस दिला. तो अंगठा फिरवतो, आमच्यासारखा.

दिवाळीनंतर सुपरवायझरनं मला बोलावलं. "तू बजाजनगरचाच ना? हे त्यांच्या कपाटातलं सामान. घरी देऊन ये, पत्ता आत चिठ्ठीवर आहे." एक पिशवी होती. मला वाटलं आत जपमाळ, गोमूत्राची बाटली असलं काही निघेल. माझ्या घरी नेऊन बघितलं तर कापूस, खोबरेलाची बाटली, नव्या मोज्यांचा जोड आणि हातात मावेल एवढा गोल आरसा. दाढीला हा आरसा फार लहान होता. मला त्याचा अर्थ लागेना.

हे सामान मी ज्या खोलीत नेऊन दिलं, तिथं आता दुसरं कुटुंब राहतं. नंतर मी दोनदा तिथं जाऊन आलो, माफी मागायची असं पक्कं करून. घरमालक म्हणाला, गावाकडं गेले. कोणतं गाव, ते त्यालाही ठाऊक नव्हतं. अजिंठ्याच्या पलीकडं, लांब, एवढ्या पत्त्यावर माणूस कुठं शोधणार. तरी मी एका रविवारी अजिंठ्यापर्यंत गेलो, स्टँडवर दोघा-तिघांना विचारलं. त्यांनी मला विचारलं, आडनाव काय म्हणालात, कोणत्या समाजाचे. मी तसाच परत आलो. त्यांची जात मला आजही माहीत नाही. ती कळावी असं वाटणं मात्र अजून माझ्यातून गेलेलं नाही, आणि ह्याची मला लाज वाटते.

तर सामान द्यायला गेलो त्या दुपारी त्यांची बायको घरात एकटी होती, दारात बसून मेथी निवडत होती. कंपनीतून आलोय म्हटल्यावर गडबडीनं उठली. "बसा की भाऊ. ते पट्टी बदलायला गेलेत दवाखान्यात. येतील घंटाभरात." मी पिशवी दिली. तिनं आतला आरसा काढला आणि पदरानं पुसला.

"वहिनी, हा कशाला लागायचा त्यांना?" मी विचारलं.

तिनं आरसा पिशवीवर ठेवला आणि म्हणाली, "आता काय लपवायचं. काम तर गेलंच. तळपाय बघायला लागायचा. खडा रुतला, खिळा गेला तरी त्यांना कळत नाय ना. हाताचं बी तसंच."

मग तिनं सगळं सांगितलं. सोळा वर्षांचे असताना त्यांच्या अंगावर चट्टा उठला होता. कुष्ठरोग निघाला. औषध झालं, पार बरे झाले, त्यांच्यापासून कुणाला काही होत नाही असं डॉक्टरांनी लिहूनही दिलं होतं. पण तोवर हातापायाची संवेदना गेलेली होती. चहाचा ग्लास किती गरम आहे ते कळायचं नाही, म्हणून रुमाल. भाजीत हात पोळला तरी कळायचं नाही, म्हणून चमचा. कातडी कोरडी पडून चिरते, म्हणून पाय भिजवून तेल लावायचं. आणि दिवसातून चार वेळा हात बघायचे, कारण कापलं तर डोळ्यांनीच कळणार.

"मग आमच्यात जेवायला का बसत नव्हते?" मी विचारलं.

"आधीच्या कंपनीत बसायचे की. सगळ्यांचं खायचे, सगळ्यांना द्यायचे. मग कुठून तरी कळलं तिथं. ह्यांच्या देखत माणसांनी डबे फेकून दिले, भाऊ. एकाला तर ओकारी झाली. तव्हापासून म्हणायचे, मी आता कुणाचं खाणार नाय अन् कुणाला देणार नाय. उद्या कळलं तर त्या बिचाऱ्यांना किळस नको यायला."

खाली मेथीच्या काड्या पडल्या होत्या, त्या मी गोळा करत बसलो. तीन बोटं काढावी लागल्याचं तिनंच सांगितलं. जखम फार उशिरा लक्षात आली म्हणे, संध्याकाळी घरी मोजे काढल्यावर, आणि काम जाईल म्हणून ते तशाच हातानं कामावर येत राहिले. "एवढी वर्षं एक दिवस चुकवला नाय त्यांनी हात बघायचा," ती म्हणाली. "मधीच काय झालं काय म्हायती. कामावर बघायचं सोडलं. इचारलं तर म्हणले, येळ मिळत नाय." म्हणजे आमच्याबद्दल त्यांनी घरी काहीच सांगितलं नव्हतं. पोळीचं नाही, भविष्याचं नाही, अबोल्याचं नाही.

"एका माणसाला सांगणार व्हते ते," ती म्हणाली. "तुमच्याच कंपनीतल्या. पयल्या दिवशी नवे बूट दिले ना, त्याच्या नाड्या घाईत बांधता येईनात ह्यांना. मागं माणसं खोळंबली व्हती, वॉचमन वरडत व्हता. तर एक जण आला, खाली बसला, दोन्ही पायांच्या नाड्या बांधल्या अन् निघून गेला. एक शबूद इचारला नाय. घरी येऊन तीनदा सांगितलं मला. म्हणले, एवढ्या वर्षांत परक्या माणसानं माझ्या पायाला हात लावला नव्हता. त्याला सांगतो एक दिवस, त्याला कळंल."

मला आठवत नव्हतं. ती सांगत गेली तसं आठवत गेलं. स्टोअरच्या दारात एक माणूस बाकावर वाकून बसला होता, त्याच्यामुळं वाट अडली होती आणि मला मशीनवर जायला उशीर होत होता. म्हणून मी खाली बसलो आणि नाड्या बांधून टाकल्या. त्याचं तोंडसुद्धा मी नीट बघितलं नव्हतं. आडनाव विचारलं नव्हतं, गाव विचारलं नव्हतं.

"सांगायचं राहूनच गेलं बघा," ती म्हणाली. "नाव काय त्याचं, ते कधी बोलले नायत. तुम्ही वळखता का भाऊ त्याला?"

"नाय," मी म्हणालो. "लई माणसं येतात-जातात कंपनीत."

"भेटला तर सांगा, ह्यांनी लई आठवण काढली म्हणून."

"सांगतो," मी म्हणालो, आणि ते यायच्या आत तिथून निघालो.